गाडीत कोण बसले आहे?

मोबाइलच्या किंवा दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून एक चौकोन उमटतो : नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? कधी त्याच्या जोडीला आणखी एक आमंत्रण असते : 'बीटा' वापरून पाहा. बीटा म्हणजे अजून पुरती पारखून न झालेली आवृत्ती. नातू म्हणतो, 'घ्या हो आजोबा, काही होत नाही!' आजोबा म्हणतात, 'चाललंय ते चालू दे.' हा वाद जुन्या-नव्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो जबाबदारीचा आहे.

हे समजून घ्यायला कुर्डुवाडीकरांना लांब जायला नको. मुंबई-मद्रास रुंद मार्गावरच्या या स्टेशनाचे नाव एके काळी 'बार्शी रोड' होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तेथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची 'बार्शी लाइट रेल्वे' १८९७ मध्ये सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येईल, असा त्याचा हिशेब. त्या काळी हा प्रयोगच होता. पण आपल्या वाघिणी आणि डबे बोटीवर चढवण्याआधी त्याने ते इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम घातलेल्या रुळांवर चालवून पाहिले. प्रयोग उतरला, आणि ही छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. आता तेथेही रूळ रुंद झाले. पण धडा कायम आहे. आषाढीच्या वारकऱ्यांनी खचाखच भरलेली गाडी ही काही चाचणीची जागा नव्हे.

संगणकाच्या जगात हीच शिस्त 'डेबियन' या मुक्त प्रणालीने लावून घेतली आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत नवे सॉफ्टवेअर आधी 'अस्थिर' शाखेत येते. तेथे काही दिवस मोठा दोष आढळला नाही, तर ते 'चाचणी' शाखेत सरकते. आणि साधारण दोन वर्षांनी सगळे पारखून 'स्थिर' आवृत्ती बाहेर पडते. गंमत म्हणजे अस्थिर शाखेचे कायमचे नाव आहे 'सिड'. 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा पोरगा तो हाच!

या शिस्तीचे मोल २०२४ च्या मार्चमध्ये कळले. 'एक्सझेड' नावाच्या, असंख्य संगणकांत असणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आन्द्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या ध्यानात आले, की आपल्या अस्थिर शाखेवरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. स्टेशनात गाडी थांबली की हातोडीने चाके ठोकत जाणारा माणूस जुन्या प्रवाशांना आठवत असेल. आवाज बद्द आला, की चाकाला तडा आहे हे तो ओळखायचा. फ्रॉइंडने तसाच तडा ओळखला. डेबियनच्या स्थिर शाखेपर्यंत ती आवृत्ती पोचलीच नव्हती.

म्हणून 'जुने ते सोने' म्हणत स्थिर आवृत्तीवर निवांत बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : ती निवांतता, पुढे जाऊन ठेचा खाणाऱ्यांनी कमावून दिलेली असते. प्रयोग करणारे कोणीच नसते, तर स्थिर काही उरलेच नसते.

शिवाय स्थिर म्हणजे कुलूप घालून ठेवलेले नव्हे. स्थिर आवृत्तीतही सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, आणि त्या घ्यायच्याच असतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या संगणकांना ओलीस धरले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, तेच प्रामुख्याने सापडले. नवा रंग आणि नवी बटणे थांबू शकतात. तडकलेले चाक थांबू शकत नाही.

मग निवड कशी करावी? बँकांत संगणक आले, तेव्हा आम्ही काही काळ हाताने लिहिलेले लेजर आणि संगणक दोन्ही शेजारीशेजारी चालवत होतो. दोन्हींच्या बेरजा जुळू लागल्यावरच लेजर कपाटात गेले. कामे दुप्पट झाली, कुरकुरही झाली. पण खातेदाराची पै हलली नाही.

तेव्हा प्रश्न एकच विचारावा : या गाडीत कोण बसले आहे? घरात पडून असलेल्या जुन्या फोनवर तुम्ही एकटेच असाल, तर खुशाल बीटा घ्या आणि दोष दिसला तर तो कळवा. तीही सेवाच आहे. पण दवाखान्याच्या नोंदी, शाळेचे निकाल, ऐन दिवाळीत दुकानाची बिले, ज्या फोनवर पेन्शनचे संदेश येतात तो फोन, यांच्या मागे दुसरी माणसे असतात. त्यांना विचारल्याशिवाय त्यांना प्रयोगाच्या डब्यात बसवण्याचा अधिकार कोणालाच नाही.