डिकोडरचं आयुष्य

मॉडेल रेल्वेच्या इंजिनातला डिकोडर किती वर्षं टिकतो, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: मोटर कोणती आहे? निव्वळ वय झालं म्हणून बंद पडलेला डिकोडर माझ्या टेबलावर क्वचितच येतो. येतात ते जळलेले.

साध्या डीसी गाडीत रेग्युलेटर शून्यावर आणला की रुळांत वीज उरत नाही. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामातून आलेल्या आणि १९९०च्या दशकात अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेने प्रमाण ठरवलेल्या डीसीसी पद्धतीत तसं नाही. तिथे गाडी उभी असली तरी रुळांत पूर्ण दाब असतो. एचओ मापात साधारण १४-१५ व्होल्ट. हा दाब सतत दिशा बदलतो आणि त्या बदलांतच निरोप असतो. प्रत्येक अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर १, शंभर किंवा जास्तीचा असेल तर ०. डिकोडर आपला पत्ता ओळखतो, रुळांतली वीज एकदिश करतो आणि मोटरला हवी तेवढी देतो. म्हणजे चुकून कुठे टेकलेल्या वायरला सुटका नाही, तिथे दाब कायम हजर.

जुन्या धातूच्या इंजिनांत हा धोका बांधणीतच असतो. एक वायर वाचावी म्हणून मोटरचा खालचा ब्रश सरळ सांगाड्याला टेकवलेला, आणि सांगाडा एका बाजूच्या रुळाला जोडलेला. डीसीवर ते छान चालतं. डिकोडरच्या लाल-काळ्या वायरी रुळांकडे, केशरी-करड्या मोटरकडे जातात. रूळ आणि मोटर कुठेही परस्पर जोडले गेले, तर मोटरला वीज देणारे ट्रान्झिस्टर क्षणात जातात. म्हणून मी आधी मोटर उचलून खाली कॅप्टॉन टेप लावतो, ब्रशची पट्टी मोकळी करतो, स्क्रूसुद्धा प्लास्टिकचा घालतो. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रशला, दुसरं एकेका चाकाला. दोन्ही ब्रश, दोन्ही बाजूंची चाकं. कुठेही बीप वाजला तर डिकोडर पाकिटातून बाहेर काढायचाच नाही.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी तीच टाळतात. मोटरला १२ व्होल्ट डीसी द्यायचे, ॲमीटर जोडायचा आणि फिरता दांडा बोटांनी घट्ट धरून क्षणभर थांबवायचा. अडलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. आजच्या चांगल्या मोटरी अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास राहतात. जुनी उघड्या सांगाड्याची मोटर एक ॲम्पिअर सहज ओलांडते. एचओचे पुष्कळ डिकोडर सलग एकच ॲम्पिअर झेपणारे असतात. आकडा त्याच्या वर गेला तर जास्त करंट झेपणारा डिकोडर घ्यावा, आणि मोटरचं चुंबकही बघावं. चुंबक क्षीण झालं की मोटर चालताना उगाच जास्त करंट खाते. तिथे निओडिमियमचं नवं बसवलं की चालतानाचा करंट कमी होतो आणि इंजिन थंड चालतं. डिकोडरसाठी याहून स्वस्त विमा मला माहीत नाही.

पहिली वीज मात्र मुख्य रुळावर देऊ नये. प्रोग्रॅमिंगच्या रुळाचा करंट मुद्दाम पाव ॲम्पिअरच्या आसपास बांधलेला असतो, त्यामुळे जोडणी उलटसुलट झाली असली तरी डिकोडर बहुधा वाचतो. पत्ता विचारला की इंजिन जागच्या जागी किंचित हिसका देतं. तो हिसका हेच त्याचं उत्तर: मोटर क्षणभर चालवून डिकोडर ६० मिलिॲम्पिअरचा ठोका परत पाठवतो.

पुढे धोका उरतो गाडी घसरण्याचा. घसरलेलं चाक दोन्ही रूळ जोडतं आणि पूर्ण करंट त्यातून वाहतो. लेआउटच्या प्रत्येक टोकाला पाच रुपयांचं नाणं रुळांवर आडवं टाकून पाहावं. दर ठिकाणी रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तिथे रुळांना वीज पोचवणाऱ्या फीडर वायरी बारीक असण्याची शक्यता आहे.

हे सगळं सांभाळलं तर डिकोडर वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या मेमरीत साधारण लाखभर वेळा लिहिता येतं; वेग आणि दिवे हौसेने कितीही बदलले तरी तिथवर कुणी पोचत नाही. खरं म्हातारपण येतं ते मळक्या रुळावर इंजिन अडू नये म्हणून जोडलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि बंद बॉयलरच्या आत उष्णता कोंडते. इंजिन पूर्वी सहज पार करायचं त्या सांध्यावर आता दिवा लुकलुकायला लागला, तर आधी चाकं आणि रूळ पुसून पाहावेत. तरीही लुकलुकला तर कपॅसिटर बदलावा; डिकोडर तोच राहू द्यावा.