कथाकथन (मराठी)

कथाकथन (मराठी) : लेखकाने स्वतःची कथा श्रोत्यांसमोर उभे राहून, हाती कागद न घेता, केवळ आवाज, मुद्रा व माफक हावभाव यांच्या साहाय्याने सांगणे, यास कथाकथन म्हणतात. कथावाचन व एकपात्री नाट्यप्रयोग या दोहोंहून ते वेगळे आहे. वाचनात संहिता समोर असते. एकपात्री प्रयोगात नट भूमिकेत शिरतो. कथाकथनकार मात्र अखेरपर्यंत निवेदकच राहतो आणि पात्रांचा आवाज प्रसंगापुरता घेतो. १९६० नंतरच्या दशकात हा प्रकार महाराष्ट्रात लोकप्रिय झाला. त्याचे श्रेय मुख्यतः व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१), शंकर पाटील (१९२६–९४) व द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) या तीन ग्रामीण कथाकारांना दिले जाते.

पूर्वपरंपरा : एकट्या माणसाने शब्दांच्या बळावर समुदायास गुंतवून ठेवावे, ही कला मराठी समाजास नवी नव्हती. कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यानात कीर्तनकार अनेक पात्रांचे संवाद एकटाच बोलतो. तमाशातील बतावणीत दोघांच्या प्रश्नोत्तरांतून विनोद फुलतो. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू–बाळू हे जुळे भाऊ अशा विनोदासाठी ख्यातनाम होते. १९६१ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर सादर केली व शहरी प्रेक्षकही अशा कार्यक्रमास तिकीट काढून येतो, हे दिसून आले. कथाकथनाने या परंपरांतून संवादाची लय घेतली; वेशभूषा, गाणे व नेपथ्य मात्र वगळले.

तीन कथाकार : माडगूळकरांचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, माडगुळे येथे झाला. हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. साताऱ्याचा माण, सांगलीचा आटपाडी व सोलापूरचा सांगोला या तालुक्यांत पसरलेला माणदेश हा माण नदीच्या खोऱ्यातील अवर्षणग्रस्त टापू होय. तेथील माणसे त्यांनी ‘माणदेशी माणसं’ (१९४९) व ‘बनगरवाडी’ (१९५५) या पुस्तकांतून मराठी वाचकांपुढे आणली. पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टण कोडोलीचे, तर मिरासदार हे सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचे. माडगूळकर व पाटील यांनी पुणे आकाशवाणीवर काम केले होते. मिरासदार अध्यापक होते. ऐकणाऱ्यासाठी वाक्य कसे रचावे, याचा सराव तिघांनाही व्यवसायातूनच झाला होता. तिघांनी एकाच व्यासपीठावरून गावोगावी कथा सांगितल्या. तिघांच्या प्रकृती भिन्न असल्याने कार्यक्रमास आपोआप वैविध्य येई. पाटलांचा भर बोलीच्या ठसक्यावर व गावच्या राजकारणावर असे. मिरासदारांची हातोटी साध्या प्रसंगातून अतिशयोक्ती वाढवत नेण्याची होती. ‘भुताचा जन्म’, ‘व्यंकूची शिकवणी’ या त्यांच्या कथा प्रसिद्ध आहेत. माडगूळकरांचे निवेदन संयत व चित्रदर्शी असे.

तंत्र : वाचक मागचे पान पुन्हा चाळू शकतो, श्रोत्यास ती सोय नसते. त्यामुळे सांगण्याच्या कथेत पात्रे मोजकी असावी लागतात, प्रत्येकाची बोलण्याची लकब चटकन ओळखू यावी लागते आणि वर्णन दोन-चार ठळक तपशिलांत आटोपावे लागते. निवेदन बहुधा प्रमाण भाषेत व संवाद बोलीत असतात. या दोहोंतील अंतरामुळेच पात्र बदलल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. हशा ओसरू लागताच पुढचे वाक्य उच्चारणे हे यातील महत्त्वाचे कौशल्य होय. वाक्य लवकर आले तर ते हशात बुडते, उशिरा आले तर रंग उतरतो. श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार कथेचे काही भाग लांबतात, काही गळतात. म्हणून छापील कथा व सांगितलेली कथा शब्दशः एक नसते.

इंग्लंडमधील समांतर प्रकाराशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. तेथील विनोदवक्त्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील संगीतगृहांतून आली व १९७९ मध्ये लंडनमध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झाल्यानंतर तिला नवे वळण लागले. हा वक्ता सामान्यतः स्वतःविषयी व भोवतालच्या घडामोडींविषयी तुटक विनोदांच्या मालिकेतून बोलतो. मराठी कथाकथनकार स्वतः मागे राहून गाव व गावातील माणसे पुढे आणतो.

महत्त्व व मर्यादा : ग्रामीण कथा प्रथम नियतकालिकांतून मुख्यतः शहरी, सुशिक्षित वाचकांपर्यंत पोहोचली होती. ज्यांच्याविषयी ती लिहिली होती, त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नव्हते. कथाकथनामुळे ही कथा त्यांच्याकडे परतली. येथे लेखकाची खरी कसोटी लागे. शहरातील श्रोता बोलीच्या नुसत्या नवलाईनेही हसतो. गावातील श्रोत्यास बोली ही त्याचीच भाषा असते व विनोद स्वभावातून आणि प्रसंगातून आला तरच तो हसतो. मिरासदारांच्या भोकरवाडीतील नाना चेंगट वा बाबू पैलवान हे हास्यास्पद असले, तरी निवेदक स्वतःस त्यांच्याहून शहाणा मानत नाही. म्हणून असा विनोद दोन्ही ठिकाणी टिकला. अनेक अनुकरणकर्त्यांनी हे भान राखले नाही. त्यांच्या हाती बोली हाच विनोद ठरला आणि खेडूत म्हणजे बावळट असे ठोकळेबाज चित्र रूढ झाले.

दुसरी मर्यादा निवडीची आहे. व्यासपीठ हशा देणारी कथा पसंत करते. दुष्काळ, स्थलांतर व दारिद्र्य यांविषयीच्या कथा तेथे सहसा मागे पडतात. त्यामुळे ग्रामीण कथा म्हणजे विनोदी कथा, अशी एकांगी समजूत काही प्रमाणात पसरली. माडगूळकरांचे उत्तम लेखन या चौकटीत मावणारे नव्हे, हे ‘बनगरवाडी’वरून कळते.

तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाई येथे, पाटील १९८५ मध्ये नांदेड येथे व मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथ येथे. लोकांना हसविणारा लेखक दुय्यम, हा ग्रह मोडण्यास या निवडी साहाय्यभूत ठरल्या. संमेलने, व्याख्यानमाला व ध्वनिमुद्रणे यांतून कथाकथनाची परंपरा पुढे चालू राहिली आहे.