खुर्चीची चाके बदलताना

घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी व्हीलचेअर घेताना आपण आसनाची रुंदी पाहतो, किंमत विचारतो, घडी नीट होते की नाही ते पाहतो. चाकांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दोन-तीन पावसाळे सरले की नेमकी चाकेच प्रथम दगा देतात. तारा गंजतात, टायरला चिरा पडतात, बेअरिंग करकरू लागते. अशा वेळी सबंध खुर्ची भंगारात देण्याचे कारण नाही. सांगाडा धड असेल तर चाके बदलून ती आणखी कित्येक वर्षे वापरता येते. परंतु ही खरेदी केवळ यंत्राच्या सुट्या भागाची नसते, म्हणूनच एका डॉक्टराने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

माझा दवाखाना हिंदमाता परिसरात आहे. हा भाग बशीसारखा सखल. येथे पाणी तुंबल्याची बातमी दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येत असे. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान येथे पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या. तरीही पावसाळ्यात आंबेडकर मार्गालगतच्या चाळींतून केईएम किंवा टाटा रुग्णालयाकडे खुर्ची ढकलत नेणाऱ्या मुलाला, सुनेला ओल्या, उंचसखल पेव्हर ब्लॉकांचा सामना करावाच लागतो. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सुरेख फिरणारे चाक येथे कसे चालेल, हा आपला पहिला प्रश्न असावा.

त्याआधी माप घ्यावे. रुग्णाने स्वतः फिरवायच्या बहुतेक खुर्च्यांचे मागचे चाक २४ इंचांचे असते, आणि येथेच फसगत होते. सायकलच्या दुकानातही २४ इंची टायर मिळतो. पण इंचाचा आकडा सारखा म्हणून टायर बसेलच असे नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दुसरा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३७-५४०. यांतील ३७ ही टायरची रुंदी आणि ५४० हा रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मुलांच्या जाड टायरच्या २४ इंची सायकलींत हाच व्यास बहुधा ५०७ असतो. तेव्हा तो आकडा कागदावर उतरवून न्यावा. शक्य असेल तर जुने चाकच पिशवीत घालून न्यावे. आसाची जाडीही तपासावी. १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, डोळ्यांना सारखेच दिसतात. पण बारीक आस मोठ्या भोकात बसवला तर चाक कायम डुगडुगत राहते.

आता हवेचा टायर की भरीव? १८८८ साली सायकलसाठी हवेच्या टायरचे पेटंट घेणारे जॉन बॉइड डनलॉप हे पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी तो प्रयोग केला होता. (आमच्या व्यवसायबंधूंनी रस्त्यावर केलेला हा उपकार आम्ही विसरून गेलो आहोत.) हवेचा टायर धक्के गिळतो. हाडे ठिसूळ झालेल्या, मणका दबलेल्या किंवा बसूनबसून शय्याव्रण होऊ लागलेल्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे. पण त्यात हवा भरावी लागते आणि ती भरली जात नाही, हे मी रोज पाहतो.

हवा कमी झाल्याचा सर्वांत गंभीर परिणाम कोणता, असे विचारल्यास बहुतेक जण खुर्ची जड जाते असे सांगतात. ते खरेच आहे. स्वतः चाक फिरवणाऱ्याचे खांदे त्यामुळे दुखतात. पण खरा धोका ब्रेकचा आहे. नेहमीच्या व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा लोखंडी दांडा. टायर मऊ पडला किंवा झिजला की तो नुसता टेकतो, धरत नाही. ‘ब्रेक लावला होता हो डॉक्टर,’ असे सांगणाऱ्या एका मुलाचा चेहरा मला आठवतो. पलंगावरून खुर्चीत बसताना खुर्ची मागे सरकली, आजी जमिनीवर आपटल्या आणि खुब्याचे हाड मोडले. खुर्ची नवीच दिसत होती. टायर मात्र अंगठ्याने दाबले तर आत जात होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घरात, रुग्णालयापर्यंत आणि परत, एवढाच प्रवास असेल, खुर्ची दुसरेच कोणी ढकलत असेल आणि पंपाला हात लावणारे घरात कोणी नसेल, तर भरीव टायर आणि प्लॅस्टिकचे अखंड साच्यातले चाक घ्यावे. ते जड असते, धक्केही देते. म्हणून वाचलेले पैसे चांगल्या गादीवर खर्च करावेत. जे ज्येष्ठ स्वतः चाके फिरवतात, रोज बाहेर पडतात, त्यांच्यासाठी तारांचे हलके चाक आणि हवेचा टायर. तारा स्टेनलेस स्टीलच्याच मागाव्यात. आपली खारी हवा साध्या तारांना टिकू देत नाही. असे चाक वाकडे झाले तर जुन्या वळणाचा सायकलवाला ते सरळ करून देतो. साच्यातले चाक तडकले की संपले. तारांच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकते, तेवढे सांभाळावे.

पुढची लहान चाके छोटी असावीत असे अनेकांना वाटते. छोट्या चाकाची खुर्ची खोलीत चटकन वळते, पण तेच चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुतते आणि रुग्ण पुढे फेकला जातो. रस्त्यावर ८ इंची चाक बरे. मात्र पायटेकणीला घासत नाही ना ते पाहावे. बेअरिंग रबरी झाकणाचे, बंदिस्त घ्यावे. आणि आसाभोवती गुंडाळलेले केस, दोरे महिन्यातून एकदा चिमट्याने काढावेत. हिंदमाताच्या कापडबाजारातून फिरलेल्या खुर्चीत तर दोऱ्यांचे रीळच सापडते.

चाके नेहमी जोडीने बदलावीत. एकच बदलल्यास खुर्ची किंचित कलते, शरीराचा भार एका कुल्ल्यावर येतो आणि तिथली त्वचा लाल होऊ लागते. ज्यांना अर्धांगामुळे त्या बाजूची संवेदना नाही, त्यांना ते कळतही नाही. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी बैठकीविषयी तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. तो अशा रुग्णांनी अवश्य घ्यावा. चाळीत राहणाऱ्यांनी दाराची रुंदीही मोजून ठेवावी, कारण हाताने फिरवायची कडी नव्या चाकाला जरा बाहेर असली तर खुर्ची उंबरठ्यातच अडते.

नवी चाके बसली की ब्रेक पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. दुकानदार हे विसरतो. रिकाम्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून मागून जोराने ढकलून पाहा. चाके फिरता कामा नयेत. फार तर खुर्ची फरशीवर घासत सरकेल. ही परीक्षा दुकानातच घ्यावी, आणि हवेचा टायर असेल तर घरी दर आठवड्याला.