दगडाखालची टपालपेटी

“चाला म्हणता, पण चालून जायचं कुठे?” हा प्रश्न दवाखान्यात ज्येष्ठ रुग्ण मला वारंवार विचारतात. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बंधूंनीही तोच विचारला. दादांचे वय ६८. सव्वा वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून चढणीवर चालण्यासही अनुमती दिली होती. तरीही त्यांचा फेरफटका दिवाणखान्यापासून गच्चीपर्यंतच उरला होता. जिन्यात थोडी धाप लागली तरी वहिनींचा चेहरा उतरे, आणि तो पाहून दादांचा. हृदय सावरले होते. धास्ती मात्र कायम होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघे त्यांच्या मुलीकडे इंग्लंडमध्ये, एक्सिटरला गेलो. तेथून जवळच डार्टमूर हे विस्तीर्ण, उंच माळरान आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तेथील क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा ती टपालात टाकू लागला. आज त्या माळावर दगडांच्या आडोशाला अशा अनेक डब्या दडलेल्या असतात. आत एक रबरी शिक्का आणि एक वही. शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपली खूण तिथल्या वहीत ठेवायची आणि डबी होती तशी लपवायची.

पुतणीने आणलेल्या कागदावर अशाच एका डबीचा माग होता : चर्चचा मनोरा इतक्या अंशांवर, समोरचा खडक इतक्या अंशांवर, तेथून बारा पावले. दादांची सारी नोकरी जमीनमोजणीत गेलेली. कागद वाचून ते म्हणाले, “होकायंत्र आहे का गं घरात?” सव्वा वर्षात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू असावी.

निघण्यापूर्वी मी दोन अटी घातल्या. चालताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करायचा. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ बसायचे आणि सांगायचे. दुसरी अट, ठरल्या वेळी मागे फिरायचे, डबी मिळो वा न मिळो. वहिनी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. अशा गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असलेल्यांची साखर श्रमाने उतरू शकते, कधी श्रमानंतर काही तासांनीही. म्हणून त्यांच्या पिशवीत ग्लुकोज आणि खाऊ होता. पाणी मात्र मी आठवणीने पाजत होतो. उतारवयात तहान पुरेशी जाणवत नाही.

पहिल्या खेपेस माथ्याजवळ पोहोचलो आणि धुके उतरले. मनोरा दिसेना, खडक दिसेना. मी परतायला सांगताच दादा चिडले. “अरे, शंभर पावलं राहिली असतील!”

“दादा, डबी कुठे पळून जात नाही.”

ते उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. काळजीवाहकांना हा रुसवा सोसावा लागतो. उतरण्यासाठी बळ राखून ठेवावेच लागते, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. दम चढताना लागतो, पाय उतरताना लटपटतात. काठी, लहान पावले आणि घाई नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ होते.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. आकाश निरभ्र होते. दादांनी दोनदा अंश मोजले, बारा पावले टाकली आणि एका सपाट दगडाशी थांबून वाकू लागले. मी घाईने अडवले. रक्तदाबाच्या, तसेच प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे वाकून झटक्यात उठताना रक्तदाब घसरतो; साऱ्या वाटेत धोक्याचा क्षण खरा तोच. काठी रोवून, एक गुडघा टेकून बसायचे, उठताना टप्प्याटप्प्याने उठायचे. शिवाय दगडाखाली उघडा हात घालायचा नाही. डार्टमूरवर विषारी ॲडर साप असतो, आपल्याकडे फुरसे आणि विंचू. (हा खेळ इथे करावासा वाटला, तर डबी स्वतःच्या मळ्यात किंवा सोसायटीच्या बागेत सांगून-सवरून ठेवावी. गडकिल्ल्यांवर नको, आणि गर्दीच्या जागी तर नकोच. बेवारस डबी पाहून पोलीस यायचे!)

दगड मी काठीने सरकवला. डबी तिथेच होती. आमच्याकडे शिक्का नव्हता, म्हणून दादांनी वहीत नाव, गाव आणि तारीख मराठीत लिहिली. वहिनींनी खाली आपलेही नाव लिहिले, मग समोरची दरी पाहत दोघे लाडू खात बसले. डबी जागेवर ठेवून आम्ही निघालो. चढायला ३५ मिनिटे लागली होती. उतरायला ५० लागली, आणि तेवढा वेळ दादा मोजणीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत होते, सलग वाक्यांत.