विश्लेषण : स्वर तेच, मग भूप आणि देशकार वेगळे कसे?

मोबाइलमधील ॲप तुमचा स्वर जागेवर लागला की नाही, हे क्षणात सांगते. पण त्या स्वरातून काय व्यक्त झाले, हे त्याला सांगता येत नाही. शास्त्रीय संगीतात ज्याला ‘भाव’ म्हणतात, तो नेमका येतो कुठून?

मुद्दा काय आहे?

गाणे शिकणाऱ्या अनेकांच्या फोनमध्ये आता तानपुरा ॲप असते, सोबत स्वर मोजणारे ॲपही. स्वर बरोबर लागला की पडद्यावरचा काटा मध्यावर येतो. रियाजासाठी ही सोय उत्तमच. मात्र काटा मध्यावर आला म्हणजे गाणे चांगले झाले, असा समज त्यातून होऊ शकतो. भूप आणि देशकार ही रागांची जोडी हा समज खोडून काढते.

पाच स्वर, दोन राग

दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत. सगळे शुद्ध, म आणि नी वर्ज्य. पेटीवर दोन्हींसाठी बोटे त्याच पट्ट्यांवर पडतात. तरीही जाणकार श्रोता पहिल्या काही स्वरांतच राग ओळखतो.

• भूप : कल्याण थाट, रात्रीचा पहिला प्रहर. वादी गंधार, संवादी धैवत. विस्ताराचा भर मंद्र आणि मध्य सप्तकाच्या खालच्या भागात.

• देशकार : बिलावल थाट, सकाळची वेळ. वादी धैवत, संवादी गंधार. भर वरच्या भागात, तार षड्जाकडे. रिषभाला फारसे थांबू देत नाहीत.

थोडक्यात, कोणते स्वर घ्यायचे याबरोबरच कुठे थांबायचे आणि कुठून नुसते पुढे जायचे, यावर राग ठरतो. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळले, की देशकार डोकावू लागतो.

फरक हर्ट्झमध्ये मोजता येतो का?

काही प्रमाणात. सा २४० हर्ट्झ धरला, तर ५:३ या गुणोत्तराने धैवत ४०० हर्ट्झवर येतो. २७:१६ हे गुणोत्तर घेतले तर तो ४०५ वर जातो. पेटीचा धैवत या दोन्हींच्या मधे, सुमारे ४०३.६ वर असतो. देशकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा किंचित चढा असतो, असे अनेक जाणकार मानतात.

पण हा आकडा सूत्रासारखा वापरता येत नाही. नझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रणांवरून कलाकारांचे स्वर मोजले. तेव्हा कलाकारागणिक फरक दिसलाच, शिवाय एकाच सादरीकरणातही तोच स्वर दरवेळी काटेकोरपणे त्याच जागी नव्हता. मैफलीत स्वर हा स्थिर बिंदू नसतो. आधीचा स्वर कोणता, पुढे कुठे जायचे, यानुसार तो थोडा हलतो.

मग भाव येतो कुठून?

गायकाने क्षणोक्षणी घेतलेल्या छोट्या निर्णयांतून. पंचमावरून गंधारावर मींडेने यायचे की थेट? गंधाराला वरच्या स्वराचा कण द्यायचा की तो मोकळा ठेवायचा? आवाज भरीव लावायचा की हलका? किती वेळ थांबायचे, आणि थांबल्यावर लगेच पुढचा स्वर घ्यायचा की क्षणभर फक्त तानपुरा ऐकू द्यायचा?

लयीचाही यात मोठा वाटा असतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर सारखेच आहेत. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत पुढे असतात, तर षड्ज बराच वेळ टाळला जातो. त्यामुळे विसावा मिळत नाही आणि एक हुरहूर तयार होते. उस्ताद अमीर खाँ यांनी अतिविलंबित लयीत गायलेला मारवा ऐकला, की ही हुरहूर किती ताणता येते ते कळते. हेच स्वर भरभर गायले तर तो परिणाम उरणार नाही.

किशोरी आमोणकरांचा आग्रह काय होता?

जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम त्यांना आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून मिळाली. पेचदार ताना आणि लयीची घट्ट वीण ही या घराण्याची ओळख. किशोरीताईंनी त्यात संथ, स्वर उलगडत नेणाऱ्या आलापाला मोठी जागा दिली. घराण्याची चौकट मोडल्याची टीका त्यांच्यावर झाली. रागाचा भाव आधी, घराणे नंतर, ही त्यांची भूमिका होती. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात त्यांनी रागातील रसाचा विचार सविस्तर मांडला.

त्याच घराण्याचे पं. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, तर वेगळेच चित्र दिसते. बंदिशीला धरून, लयीवर स्वार होत ते राग झपाट्याने उभा करतात. तालमीचे मूळ एक आणि रागाचे नियमही तेच, तरी दोघांच्या गाण्याचा परिणाम अगदी निराळा.

टीकाकारांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. भावाच्या नावाखाली शिस्त सुटली तर रागच हरवतो. म्हणूनच नियमांनी जी जागा मोकळी सोडली आहे, तिथे कलाकार काय करतो, हे महत्त्वाचे. ॲपमधला काटा नेमकी हीच जागा मोजत नाही.

ऐकताना काय लक्षात ठेवाल?

• इअरफोन वापरा. फोनच्या छोट्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज जवळपास हरवतो आणि स्वराचा आधारच ऐकू येत नाही.

• तीस सेकंदांच्या रीलमध्ये बहुधा तान सापडते, आलाप नाही. किमान पहिली दहा मिनिटे सलग ऐका.

• किशोरीताईंचा ‘सहेला रे’ हा भूप लावा आणि गाणे कोणत्या स्वरावर विसावते एवढेच पाहा. नंतर कुणाचाही देशकार ऐकून हाच प्रश्न विचारा.

• रागाचे नाव ओळखता आले नाही तरी बिघडत नाही. विसाव्याची जागा बदलली हे कानाला कळले, की दोन रागांतला फरक तुम्हाला सापडला.