पावनखिंडीच्या वाटेवर बॅटरी का उतरते?

पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे निघणाऱ्या जुलैतल्या मोहिमांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, ती ही वाट. तक्रार अशी, की मसाई पठारापर्यंत फोन ठीक असतो, पण पुढे झाडीत शिरलं की बॅटरी झरझर उतरू लागते. तोच फोन कोल्हापूर शहरात दिवसभर लोकेशन चालू ठेवूनही संध्याकाळपर्यंत टिकलेला असतो. बहुतेक जण दोष पावसाला आणि धुक्याला देतात. पण जीपीएसचा मुख्य संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि या लहरींना ढग किंवा पाऊस जवळपास अडवतच नाहीत. खरं कारण असं की, वीज वाचवण्याच्या फोनच्या बहुतेक युक्त्या मोबाइलची रेंज आणि मोकळं आकाश या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. घाटात दोन्ही एकदमच जातात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की एका वॉटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी, साधारण तेवढा. तो आसपासच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली बुडालेला असतो. तरीही तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ तुकड्यांचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. फोन तोच क्रम स्वतः तयार करतो आणि आलेल्या गोंगाटावर थोडा थोडा सरकवत कुठे जुळतो ते पाहतो. उपग्रह वेगात असल्यामुळे लहरींची वारंवारताही काही हजार हर्ट्झने मागेपुढे झालेली असते, त्यामुळे तीही चाचपावी लागते. दोन्ही मिळून एकेका उपग्रहासाठी चाळीसेक हजार शक्यता होतात. फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. पण हे ऐकणं म्हणजे अखंड गणित आहे आणि वीज तिथे खर्च होते.

उपग्रह सापडला तरी तो नेमका कुठे आहे हे कळायला हवं. ती माहिती उपग्रह स्वतःच सांगतो, पण सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने. १,५०० बिटांचा एक संदेश पूर्ण व्हायला ३० सेकंद लागतात. मध्येच एखाद्या झाडाखाली संकेत तुटला, तर हुकलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबावं लागतं. हा कक्षेचा तपशील साधारण चार तास चालतो. नंतर नवा घ्यावा लागतो.

शहरात हे सगळं टळतं. मोबाइलचं नेटवर्क फोनला अंदाजे जागा, वेळ आणि उपग्रहांच्या कक्षा क्षणात पुरवतं. मग चाळीस हजार शक्यतांपैकी मोजक्याच तपासाव्या लागतात आणि काही सेकंदांत ठिकाण मिळतं. पुढची युक्ती मला सर्वात सुंदर वाटते. संकेत जोरदार असले आणि कक्षा माहीत असल्या, की फोनमधली जीपीएसची चिप प्रत्येक सेकंदातला थोडाच काळ, समजा पाचवा हिस्सा, जागी राहते आणि बाकीचा वेळ झोपते. नकाशावरचा निळा ठिपका मात्र दर सेकंदाला पुढे सरकतोच. तुम्ही हॉटेलात बसलात तर फोनमधला हालचाल ओळखणारा संवेदक तेही हेरतो आणि ठिकाण पुन्हा काढायची गरज उरत नाही. मागे चालणाऱ्या ॲपना तर अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, तासाला मोजक्याच वेळा ठिकाण मिळतं.

आता हाच फोन ओल्या पानांच्या छताखाली न्या. संकेत क्षीण होतो म्हणून चिपला झोपता येत नाही. जुन्या कक्षांची मुदत संपली असेल, तर नवा तपशील उतरवून घेण्यासाठीही तिला सलग जागं राहावं लागतं. आणि या सगळ्यापेक्षा मोठा खर्च बऱ्याचदा शेजारी चाललेला असतो: हरवलेली रेंज शोधत मोबाइलचा रेडिओ पुन्हा पुन्हा जोर लावत राहतो. एकूण खर्चात जीपीएसचा वाटा पुष्कळदा कमीच असतो.

संकेताच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे आणि त्याच्या अभ्यासात कोल्हापूरचं नाव आहे. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात आणि उत्तरेकडे आपल्या डोक्यावरही पसरतात. उपग्रहांचे संकेत त्यातून येताना थरथरतात, कधी तुटतातही. भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि शिवाजी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशाची मंद लाल चमक कॅमेऱ्याने टिपून या बुडबुड्यांचा माग काढला आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचं चित्र आपल्या गावातून निघतं, याचा मला अभिमान वाटतो. बुडबुड्यांचा जोर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जास्त असतो, जुलैच्या मोहिमेला त्यांचा त्रास कमी.

आयनांबरातून येताना संकेताला होणारा उशीर ओळखायला दोन वारंवारता लागतात. २०१८ च्या शाओमी मी ८ पासून फोनमध्ये ११७६.४५ मेगाहर्ट्झची दुसरी वारंवारताही आली. भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रहही हीच वापरतात. तिच्यावरचा क्रम दहापट वेगाने धावतो, त्यामुळे अचूकता वाढते, पण तो शोधण्याचं गणितही वाढतं. म्हणून फोन सहसा जुन्या वारंवारतेवर उपग्रह पकडतो आणि त्या आधाराने दुसरीवर जातो.

मोहिमेला निघणाऱ्यांनी पन्हाळ्यावर रेंज असतानाच मार्गाचा नकाशा उतरवून घ्यावा आणि फोन उघड्या आकाशाखाली काही मिनिटं धरावा. मग एअरप्लेन मोड लावावा. हल्लीच्या फोनमध्ये त्याने जीपीएस बंद होत नाही, रेंजचा शोध मात्र थांबतो. पडदा बंद ठेवावा, कारण उजळलेला पडदा चिपपेक्षा कितीतरी जास्त वीज घेतो. मार्ग नोंदवणाऱ्या ॲपला दर सेकंदाऐवजी दहा-पंधरा सेकंदांनी नोंद करायला सांगावं, पायी चालणाऱ्याला तेवढी पुरते. तीन-चार तासांनी पठारासारखी मोकळी जागा आली की तिथेच मिनिटभर थांबून ठिकाण ताजं करून घ्यावं, झाडीत शिरल्यावर नाही. आणि गटातला एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. कुणाचा पाय मुरगळला, तर रेंज असलेल्या टेकाडावर चढून फोन लावण्यासाठी तोच उपयोगी येईल.