दर्या मागे सरकतोय : कॅस्पियनच्या पाण्याचा हिशोब

उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. वर्गात मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. फारसीत मात्र मराठीसारखाच अर्थ आहे. इराणी लोक कॅस्पियन समुद्राला 'दर्या-ए-खजर' म्हणतात.

गंमत अशी, की हा दर्या कुठल्याच महासागराला मिळत नाही. इराण, अझरबैजान, रशिया, कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तान या पाच देशांनी तो वेढलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 70 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही मोठं!

त्याचा हिशोब घरखर्चासारखा समजून घ्या. नद्यांतून येणाऱ्या पाण्यापैकी जवळपास 80 टक्के एकट्या व्होल्गा नदीचं. ही झाली मिळकत. पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे खर्च म्हणजे मुख्यतः उन्हाने होणारी वाफ. मिळकत घटली किंवा खर्च वाढला, की पातळी उतरते.

1929 ते 1977 या काळात समुद्र सुमारे 3 मीटर खाली गेला. व्होल्गाच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला, नंतर नदीवर मोठी धरणं आली. तेव्हाच्या सोव्हिएत सरकारला वाटलं, कारा-बोगाझ-गोल या आखातात जाऊन पाणी फुकट उडून जातं. म्हणून 1980 मध्ये आखाताच्या तोंडावर बांध घातला. पण समुद्र तर 1978 पासूनच चढू लागला होता! आखात काही वर्षांत कोरडं पडलं, तिथलं मीठ वाऱ्यावर उडू लागलं. शेवटी 1992 मध्ये बांध काढावा लागला. इकडे 1995 पर्यंत समुद्र अडीच मीटर चढला आणि किनाऱ्यावरची घरं, रस्ते पाण्याखाली गेले.

त्यानंतर पाणी पुन्हा उतरतंय, आणि 2005 नंतर जास्त वेगाने. हवा तापली की वाफ वाढते. उत्तरेकडचा भाग सरासरी जेमतेम 5 मीटर खोल. तिथे पातळी थोडी जरी उतरली, तरी किनारा कित्येक किलोमीटर मागे जातो.

याची झळ माणसांना बसते. कझाकस्तानच्या अकताऊ शहरात पिण्याचं पाणीसुद्धा याच समुद्राचं खारेपण काढून मिळवतात. तिथे जून 2023 मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. बंदरांत गाळ उपसावा लागतो, जहाजांना कमी माल भरावा लागतो. उत्तरेच्या बर्फावर पिल्लं घालणारे कॅस्पियन सील आधीच संकटात आहेत. शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, शतकाच्या अखेरीपर्यंत पातळी 9 ते 18 मीटर उतरू शकते.

व्होल्गा रशियात अडवली जाते, पण समुद्र पाच देशांचा आहे. घर एकत्र आणि खर्च मात्र ज्याचा त्याने ठरवायचा, असं किती दिवस चालणार? 1980 चा बांध एवढं तरी शिकवतो, की हिशोब नीट न मांडता केलेला उपाय पुढे महागात पडतो.